आल्यागेल्याची बाग

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा पाठ)



साठ वर्षांच्या वाटचालीचा सोहळा चालू असताना व्याख्यानाला विषय मात्र घरापुढच्या चिमुकल्या, कमी खर्चाच्या बागेचा, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु महाराष्ट्राबाहेर राहून मराठी शाळा चालवणाऱ्यांना हा विषय परका वाटू नये. जागा थोडी आणि पैसा त्याहून थोडा, अशा स्थितीत आल्यागेल्याला ‘या, बसा’ असे मनापासून कसे म्हणावे, हा शाळेपुढचा जुना प्रश्न आहे. बागेपुढचाही प्रश्न नेमका तोच आहे.

बाग करायची म्हटले की पहिली धाव रोपवाटिकेकडे जाते. हौसेने पंधरा-वीस कुंड्या घरी येतात आणि भिंतीच्या कडेने कवायतीला उभ्या केल्यासारख्या ओळीने मांडल्या जातात. पहिला उन्हाळा संपेपर्यंत त्यांतल्या निम्म्या वाळतात, उरलेल्यांना पाणी घालण्याचा कंटाळा येतो आणि अखेरीस ‘या मातीत काही येतच नाही’ असा निष्कर्ष निघतो. जी झाडे जगतात, त्यांच्याजवळही पाहुणा थबकत नाही. फाटकातून दारापर्यंत तो सरळ चालत येतो, घंटा वाजवतो आणि आत जातो. दोष त्या झाडांचा नसतो. त्या अंगणात येणाऱ्यासाठी म्हणून काहीच राखून ठेवलेले नसते, न बसायला जागा, न थांबायला सावली. बाग आतिथ्यशील आहे की नाही हे ठरवायचे तर आलेला माणूस तिथे किती वेळ रेंगाळतो, एवढेच पाहावे.

खर्चावाचून असे आतिथ्य कसे साधते, याचे भारतातील सर्वांत बोलके उदाहरण चंडीगडला आहे. नेकचंद सैनी यांचा जन्म १९२४ सालचा, शकरगढ तालुक्यातल्या एका खेड्यातला. फाळणीत तो मुलूख पाकिस्तानात गेला आणि नेकचंद निर्वासितांच्या लोंढ्याबरोबर इकडे आले. पुढे चंडीगडच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात त्यांना रस्ते-निरीक्षकाची नोकरी मिळाली. ल कार्बूझिए या विख्यात वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्याबरहुकूम तेव्हा हे नवे शहर आकाराला येत होते. सरळ रस्ते, चौकोनी विभाग, उघडे काँक्रीट. त्याच्यासाठी जुनी खेडी उठवली जात होती आणि त्या मोडलेल्या संसारांचे ढीग शहराच्या कडेला साचत होते. त्यांत फुटक्या फरश्या होत्या, कपबश्यांचे तुकडे होते, विजेची निकामी बटणे होती, रिकामी पिंपे होती आणि बांगड्यांच्या काचा होत्या.

१९५७ च्या सुमारास नेकचंदांनी हा टाकाऊ माल सायकलवरून सुखना तलावाजवळच्या झाडीत नेऊन ठेवण्यास आरंभ केला. जमीन सरकारची, राखीव वनाची. तेथे काही बांधण्यास सक्त मनाई. त्यामुळे सारे काम नोकरीचे तास संपल्यावर, रात्रीच्या अंधारात चालले. जवळच्या नद्यानाल्यांतून माणसाचा किंवा पाखराचा भास होणारे दगड ते वेचून आणीत. थोडीशी जागा साफ करून त्यांनी तेथे आधी हे दगड मांडले आणि मग बांगड्यांच्या काचांची वस्त्रे ल्यालेल्या मूर्ती घडवल्या. हा उद्योग दीड दशकाहून अधिक काळ गुप्तपणे चालला होता. तो अधिकाऱ्यांच्या नजरेस आला, तेव्हा झाडीत शेकडो मूर्तींचे एक नगरच वसलेले होते. नियमाप्रमाणे ते पाडून टाकणे भाग होते. परंतु लोक पाहायला येऊ लागले, पाहून गेलेले दुसऱ्यांना घेऊन आले आणि १९७६ साली ती बाग ‘रॉक गार्डन’ म्हणून रीतसर खुली झाली. नेकचंदांना त्याच कामाचा पगार आणि हाताखाली पन्नास मजूर मिळाले. १९८४ साली त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. २०१५ साली ते निवर्तले. मधल्या काळात बागेच्या काही भागावर बुलडोझर आले, तेव्हा शहरवासी त्यांच्यासमोर उभे राहिले. नियमाने जिला आधार नव्हता, त्या बागेला तिच्यात रमलेल्या माणसांनी आधार दिला.

कित्येक एकरांच्या त्या बागेशी दहा फुटी अंगणाची तुलना कोणी करणार नाही. तरी तिच्यातल्या दोन गोष्टी कोणत्याही अंगणाला लागू पडतात. पहिली गोष्ट म्हणजे, नेकचंदांनी काय विकत घ्यावे याचा विचार करण्याआधी काय पडून आहे ते पाहिले. दुसरी गोष्ट म्हणजे, तिथल्या वाटा वळणाच्या आहेत आणि कमानी बुटक्या. आत शिरताना माणसाला वाकावे लागते, पाऊल आपोआप मंदावते आणि पुढच्या वळणाआड काय असेल याची उत्सुकता लागून राहते. सगळी बाग एका दृष्टिक्षेपात दिसत नाही. लहान जागेला तर ही युक्ती फारच उपयोगी. फाटकापासून दारापर्यंतची वाट सरळ न नेता मध्ये एखादे उंच झुडूप ठेवून तिला थोडा वळसा दिला, तर तेच दहा फूट पंधरा वाटू लागतात. जुन्या विटा तिरप्या रोवून केलेली कड, पाडलेल्या घराच्या फरशीचे तुकडे बसवून केलेली पायवाट, गळक्या माठाची, तळाला भोके पाडलेल्या तेलाच्या डब्याची कुंडी, हे सारे बहुधा फुकट मिळते.

पाहण्यापासून आरंभ करायचा, तर एक आठवडाभर काहीही विकत आणू नये. सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी चार वाजता ऊन कोठे पडते ते टिपून ठेवावे. पावसाचे पाणी कोठे साचते, घरातली माणसे नकळत कोठे उभी राहून बोलतात, दूधवाला सायकल कोठे टेकवतो, हेही पाहावे. या देशात एकच सल्ला सर्वत्र चालत नाही. दिल्ली-चंडीगडच्या जानेवारीत उन्हाचा कवडसा हेच पाहुण्याचे आसन. चेन्नईला बाराही महिने सावली हवी. म्हणून उत्तरेकडच्या अंगणात तुतीसारखे झाड शहाणपणाचे ठरते. ते फांदी रोवून येते, उन्हाळ्यात गर्द सावली देते आणि हिवाळ्यात पाने गाळून ऊन खाली येऊ देते. छाटणी करून त्याला आटोक्यात ठेवता येते. मुलांना आणि पाखरांना फळे मिळतात, ती वेगळीच.

स्वागताची पहिली पायरी उंबरठ्याबाहेर असते, हे भारतभरच्या गृहिणींना कोणी शिकवावे लागले नाही. केरळात घरापुढच्या मोकळ्या अंगणाला ‘मुट्टम’ म्हणतात. ते रोज सकाळी झाडून लख्ख ठेवण्याची रीत आहे. तमिळनाडूत दारापुढे तांदळाच्या पिठीचा कोलम रेखतात. ती पिठी मुंग्यांच्याही मुखी लागते. तुळशीचे वृंदावन केरळात ‘तुळशीत्तरा’ होते आणि बंगालमध्ये ‘तुलसी मंच’. नाव बदलले तरी संध्याकाळचा दिवा तोच. यांतल्या एकाही गोष्टीला फारसा पैसा लागत नाही. लागतो तो रोजचा थोडा वेळ. येथे कोणीतरी सकाळी उठून हात फिरवला आहे, हे येणाऱ्याला त्या क्षणी कळते, आणि आपण येणार हे गृहीत धरलेले आहे असे त्याला वाटते.

दुसरी पायरी बसण्याची. जुन्या तमिळ घरांना रस्त्याच्या बाजूने ‘तिण्णै’ असे. वाटसरूने विचारल्यावाचून टेकावे, यासाठी बांधलेला तो कट्टा. गुजरातेत तोच ‘ओटलो’ आणि मराठी घराचा ओटा. सदनिकांच्या काळात कट्टे गेले आणि त्यांच्याबरोबर सहज होणाऱ्या गप्पाही गेल्या. आज थोडक्या पैशांत बाग करणाऱ्याने रोपांआधी आसनाचा विचार करावा. विटांचे दोन ठेंगणे खांब आणि वर एक जाड फळी किंवा जुनी शहाबादी फरशी, एवढ्यावर काम भागते. उंची दीड फुटाच्या आसपास असावी. त्याहून खाली बसवले की गुडघे दुखणाऱ्यांना उठताना दुसऱ्याचा हात मागावा लागतो. पाठ भिंतीकडे आणि तोंड वाटेकडे असावे, कारण मागून कोणी येत-जात असेल तर माणूस निवांत बसत नाही. शक्य असेल तर एका बाजूला हात टेकायला काहीतरी असावे. पाच-सहा महाग कुंड्यांच्या किमतीत असा एक कट्टा होतो आणि त्यावर बसणारी आजी त्या बागेला जो जिवंतपणा आणते, तो कुंड्यांनी येत नाही.

आता मातीविषयी. पैसा अगदी मोजका असेल, तर त्याचा पहिला वाटा मातीला, दुसरा आसनाला, तिसरा पाण्याच्या सोयीला आणि उरलाच तर रोपांना द्यावा. बहुतेकांचा क्रम नेमका उलटा असतो आणि रोपे मरतात ती त्यामुळेच. नव्या घराभोवतीची माती म्हणजे पुष्कळदा बांधकामाचा चुरा असतो. त्यात कितीही उंची गुलाब लावला तरी तो तग धरीत नाही. एका कोपऱ्यात खड्डा करावा किंवा जुन्या बादलीला भोके पाडावीत; भाजीची देठे, फळांच्या साली आणि चहाचा चोथा यांच्यावर दर वेळी वाळलेल्या पानांचा जाड थर द्यावा. ओले कमी, कोरडे जास्त, हे सूत्र सांभाळले तर वास येत नाही. आंबट ताकाचे शिंतोडे दिले की कुजण्याला वेग येतो. तीन-चार महिन्यांनी हाती येणारे काळे, भुसभुशीत खत साध्या मातीत आणि थोड्या वाळूत मिसळले की कुंडीचे काम झाले. झाडलोटीत पेटवून दिली जाणारी पाने ही बागेची पुंजी असते. ती जाळणे म्हणजे घरचे धान्य जाळण्यासारखे आहे.

रोपांच्या बाबतीत शेजार हीच सर्वांत स्वस्त रोपवाटिका. पावसाळ्याच्या तोंडावर जास्वंद, तगर आणि मधुमालती यांच्या पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर फांद्या मागून आणाव्यात आणि खालची पाने काढून सावलीत रोवाव्यात. सगळ्या जगत नाहीत, पण पुरेशा जगतात. पुदिन्याच्या काड्या भाजीच्या जुडीतूनच निघतात. कढीपत्त्याच्या मुळाशी फुटलेले पिल्लू सोडवून घेता येते. दसऱ्याच्या तोरणातली झेंडूची फुले वाळवून ठेवली की पुढच्या वर्षीचे बियाणे घरातच तयार होते. मधुमालतीचे फूल उमलताना पांढरे असते, मग गुलाबी होते आणि शेवटी लाल. फाटकावर चढवलेला एक वेल रोज तीन रंग दाखवतो. संध्याकाळी येणाऱ्यांसाठी मोगरा, रातराणी अशी पांढरी आणि सुवासिक फुले वाटेलगत असावीत. अंधुक उजेडात रंग मावळतात, पांढरे मात्र दिसत राहते, आणि वास तर अंधारातही वाट दाखवतो. मात्र कण्हेर आणि बिट्टी ही विषारी झाडे आहेत. मुलांचे हात पोचतील तेथे ती लावू नयेत.

घरोघर रुजलेल्या या झाडांचे मूळ पाहू गेले तर मोठी गंमत आढळते. ज्या झेंडूवाचून दसऱ्याचे तोरण होत नाही, तो मूळचा मेक्सिकोकडचा. देवळापुढे हटकून दिसणारा पांढरा चाफा अमेरिका खंडातून आला. कुंपणाची बोगनवेल दक्षिण अमेरिकेची, तर सदाफुली आणि गुलमोहर हे दोघेही मादागास्करचे. परमुलखातून आलेल्या या मंडळींना येथल्या मातीने जागा दिली आणि त्यांनी येथले सणवार आपले मानले. आज त्यांना उपरे म्हणणारा वेडा ठरेल. नोकरीनिमित्त, व्यापारानिमित्त, बदलीनिमित्त दूरच्या शहरात येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना यातले मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. नव्या गावात पहिल्या दिवशी ज्याने पाणी विचारले, त्याचे घर जन्मभर लक्षात राहते.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर तेही थोडक्यात. सच्छिद्र मातीचे मडके झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे आणि वर झाकण ठेवावे. ओल हळूहळू मुळांपर्यंत झिरपते आणि चार दिवस बाहेरगावी गेले तरी बहुतेक झाडे तगून राहतात. पाखरांसाठी पसरट, उथळ मातीचे भांडे ठेवावे, पण त्यातले पाणी एक-दोन दिवसांनी बदलावेच; नाहीतर पाखरांआधी डास येतात. आणि ज्या फाटकावरून टपालवाला, भाजीवाली, सफाई कामगार येतात, त्याच्याजवळ उन्हाळ्यात एक माठ आणि स्वच्छ पेला असावा. बागेच्या खर्चातला हा सर्वांत लहान आकडा आणि तिच्या स्वागतातला सर्वांत मोठा.

शेवटचा मुद्दा जरा नाजूक आहे. भल्या पहाटे हातात परडी घेऊन दुसऱ्यांच्या कुंपणावरची फुले तोडणारे सज्जन प्रत्येक गावात असतात आणि त्यांच्यावरून होणारी भांडणेही. पुष्कळ बागांत त्यामुळे पहिले स्वागत करते ती ‘फुले तोडू नयेत’ ही पाटी. तिच्यामागचा संताप खोटा नाही. वर्षभर जपलेली कळी उमलण्याआधी दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात गेली की जीव तळमळतो. परंतु पाटीने परडी थांबल्याचे उदाहरण विरळा. त्यापेक्षा तगर, जास्वंद अशी भरभरून फुलणारी झाडे कुंपणाबाहेर हात पोचेल अशी लावावीत आणि ती वाटेकरूंची आहेत असे मनाशी ठरवून टाकावे. आतला एखादा जपलेला गुलाब मग बहुधा सुखरूप राहतो. फूल द्यायचे आधीच ठरले असले म्हणजे चोरी उरत नाही. कुंपणापाशी चार शब्द होतात, नाव कळते, आणि कधीतरी ती परडीवाली बाई एखादी नवी फांदी घेऊन स्वतःच फाटक उघडते.

बागेने देणे कसे असावे, याचा एक सुंदर दाखला शिक्षणाच्याच क्षेत्रात आहे. शांतिनिकेतनात देवेंद्रनाथ ठाकुरांना सातविणीच्या झाडांखाली विसावा लाभला. बंगालीत या झाडाला ‘छातिम’ म्हणतात आणि ती जागा आजही छातिमतला म्हणून ओळखली जाते. पुढे रवींद्रनाथांच्या शाळेत झाडाखाली वर्ग भरू लागले, १९२८ मध्ये तेथे वृक्षारोपणाचा उत्सव सुरू झाला आणि विश्वभारतीच्या पदवीदान समारंभात स्नातकांच्या हाती सातविणीची पाने देण्याची प्रथा पडली. पानाला मोल ते काय? पण ज्या सावलीत शिकलो तिचा एक तुकडा बरोबर चालला आहे, एवढे त्या पानाने सांगितले की पुरे.

पालकहो, आज शहराशहरांत घरांची आणि शाळांची आवारे काठोकाठ फरसबंद केली जात आहेत. चिखल नको, झाडलोट नको, गाड्या लावायला सोय हवी, ही कारणे समजण्यासारखी आहेत. परंतु त्या ठोकळ्यांखाली पावसाचे पाणी फारसे मुरत नाही, मे महिन्यात त्यावर अनवाणी पाय टेकत नाही, आणि मूल सुटीत तेथे बसत नाही. ज्याला शाळा आठवते, त्याला बहुधा फरशी आठवत नाही. आठवते ते एखादे झाड, त्याचा पार, त्याखाली वाटून खाल्लेला डबा. पुढच्या साठ वर्षांतल्या मुलांना आठवायला काही उरावे असे वाटत असेल, तर प्रत्येक आवारात निदान एक कोपरा मातीचा राहू द्यावा.

हीरक महोत्सवाच्या वर्षात यासाठी वेगळा निधी उभारण्याची गरज नाही. समारंभागणिक पाहुण्यांना चकचकीत कागदात गुंडाळलेले पुष्पगुच्छ दिले जातात आणि संध्याकाळपर्यंत ते कोमेजून जातात. तो खर्च वर्षभर बाजूला ठेवला तर फाटकाजवळ एक कट्टा सहज बांधून होईल. कट्ट्याशेजारची झाडे माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या अंगणातून फांदीच्या रूपाने आणावीत. कोणाच्या घरची जास्वंद, कोणाच्या गच्चीवरचा मोगरा. त्यांना पाणी कोणत्या वर्गाने कोणत्या वारी घालायचे याचा तक्ता मुलांनीच करावा, आणि सुटीच्या दिवसांची जबाबदारी जवळ राहणाऱ्या पालकांनी वाटून घ्यावी. बागा मरतात त्या मे महिन्याच्या सुटीत. शाळेत पहिल्यांदा पाऊल टाकणारे, रडवेले झालेले मूल आणि त्याला सोडून परतताना घुटमळणारी त्याची आई, या दोघांना टेकायला फाटकाजवळ जागा असावी आणि वर थोडी सावली.